चिकटपट्टी लावलेलं यंत्र

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या बिअर कारखान्यात, बाटल्यांच्या खणखणाटात रान्हिल्डचे कान गेले. तेव्हापासून कोणी पुटपुटलं की तिचं डोकंच फिरायचं. आज तर श्रवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीनेच ग्राहकांना बोलावलं होतं, त्यांचं म्हणणं ऐकायला. आणि सभा कुठे, तर काचेच्या भिंतींच्या दालनात, जिथे कॉफीयंत्राच्या घरघरीने चांगले कानही किटावेत.

एस्बेन नावाचा तरुण साहेब पर्यावरण वाचवण्याच्या गप्पा मारत होता. कचरा कमी करणार म्हणे. रान्हिल्ड उठून थेट त्याच्या टेबलाशी गेली. तिच्या एका यंत्राचं बॅटरीचं झाकण तुटलं होतं. चिकटपट्टी लावून ती ते वापरत होती.

"मला एवढं झाकण दे."

"ते मॉडेल बंद झालंय. तुम्ही नवीनच घ्या ना."

"आणि हे चांगलं चालणारं कुठे टाकू? तुझ्या त्या कमी केलेल्या कचऱ्यात?"

"तुमचं म्हणणं आम्ही नोंदवून घेतो," एस्बेन हसून म्हणाला आणि पडद्यावरच्या पुढच्या चित्राकडे वळला.

रान्हिल्डने दोन्ही कानांतली यंत्रं काढून त्याच्यासमोर ठेवली.

"बोल आता," ती म्हणाली. "तू माझं जेवढं ऐकलंस, तेवढंच मी तुझं ऐकते."