पिपाणी आणि भोंगा

पन्नाशी उलटली तरी फोनवर तिच्या वयावर कुणाचा विश्वास बसत नसे. विमावाले, बँकवाले, कुणीही असो, तिचं "हॅलो" ऐकलं की विचारायचे, "बाळ, घरात कुणी मोठं आहे का?" ती म्हणायची, "नाही हो, सगळे मोठे बाहेर गेलेत," आणि फोन ठेवून पुन्हा गुडघ्याला तेल चोळत बसायची. बाकी सगळं रीतसर झालं होतं. केस पिकले, चष्मा लागला, कंबर धरू लागली. आवाज तेवढा दहा वर्षांच्या पोराच्या वयात ठाण मांडून बसला, तो काही केल्या मोठा होईना.

आई तिला पिपाणी म्हणायची आणि थोरल्या भावाला भोंगा. त्याने आतल्या खोलीतून पाणी मागितलं तर शेजारीण तांब्या भरून आणील, असा त्याचा आवाज. दोघं भांडायला लागली की आई कानांत बोटं घालून म्हणायची, "देवाने एवढा आवाज दोघांत नीट वाटला असता, तर त्याचं काय बिघडलं असतं?"

पिपाणीने त्या आवाजावर पोट भरलं. परदेशी कार्टूनांना आपल्या भाषेत बोलायला लावायचं, हा तिचा धंदा. तिने ससे केले, रेल्वेचं इंजिन केलं, एकदा सबंध दिवाळखोर टोमॅटोही केला. लग्न जमलं नाही, त्याचं कारणही लोक आवाजच सांगत. ती म्हणे, बरंच झालं, संसारात ओरडून फुकट गेला असता. मग ती जपानी मालिका आली आणि पिपाणीचं नशीब उघडलं. पत्त्यांच्या खेळावरची मालिका होती. पत्ते म्हणजे आपले राजा, राणी, गुलाम नव्हेत. प्रत्येक पत्त्यात एक अक्राळविक्राळ प्राणी कोंडलेला. पत्ता टेबलावर आपटला की प्राणी उभा राहतो आणि समोरच्याच्या प्राण्यावर तुटून पडतो. तसलेच पत्ते दुकानांत विकायला होते, आणि ते खपावेत म्हणून ही सगळी गोष्ट रचली होती, हे न कळण्याइतकं कुणी दूधखुळं नव्हतं. तरी पोरं डोळ्यांत प्राण आणून बघत. मालिकेचा नायक एक शेंडी उभारलेला पोरगा होता, आणि त्या पोरग्याचा आवाज पिपाणी होती. खेळाचे नियम तिला शेवटपर्यंत समजले नाहीत. पण "माझी पाळी!" असं ती ओरडली की गल्लीगल्लीतली पोरं तस्संच ओरडायची.

पोरग्याला एक वैरी होता. काळा झगा घालायचा, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला काळझग्या म्हणत. त्याच्यासाठी भारदस्त आवाज मिळेना, तेव्हा पिपाणी म्हणाली, "माझ्या दादाला बोलवा." दादा तेव्हा बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. तो आला, त्याने एकदा "तुझा शेवट जवळ आला आहे" म्हटलं, आणि यंत्रावर बसणाऱ्या काकांनी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. काम तिथेच पक्कं झालं. त्यानंतरची काही वर्षं दोघं एकाच माईकसमोर उभं राहून एकमेकांना संपवण्याच्या धमक्या देत आणि बाहेर येऊन एकाच कपातला चहा बशीत वाटून घेत.

मग आई गेली.

आई आजारी होती, पण त्या दिवशी जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पिपाणी रेकॉर्डिंगला गेली होती. आत जाताना फोन बाहेरच्या डब्यात ठेवायचा, हा तिथला नियम. डब्यात तो वाजवाज वाजला. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. घर नातेवाइकांनी भरलेलं, आणि त्या भरल्या घरात दादा त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "आली बघा. आईने हिची वाट बघत डोळे मिटले, आणि ही तिकडे पत्ते खेळत होती."

ते शब्द तिच्या जिव्हारी लागले. ती आईपाशी बसली आणि त्या दिवसापासून भावाशी तिने अबोला धरला. मनात एवढंच होतं: त्याने एकदा, फक्त एकदा, "चुकलं माझं" म्हणावं. मग आपण मागचं सगळं विसरू. त्याने म्हणावं म्हणून ती वाट बघत राहिली. वहिनीने मध्ये पडून पाहिलं, हात टेकले आणि म्हणाली, "दोघं एकाच वळणावर गेलीत. देव आला तरी कुणी आधी बोलायचं नाही."

काम मात्र थांबलं नाही. थांबायचं कारणही नव्हतं, कारण या धंद्यात प्रत्येकाचा आवाज वेगळा नोंदवता येतो. दादा सकाळी यायचा, पिपाणी दुपारी. ज्याच्या त्याच्या कागदावर ज्याची त्याची वाक्यं. समोरचा काय बोलतो ते कानात ऐकायचं आणि आपलं वाक्य पडद्यावरच्या ओठांवर बसवायचं. बाहेर दोघांत विस्तव जात नव्हता, आणि हेडफोन लावला की दादा तिच्या कानाशी येऊन बोलत होता. कधी त्याला सर्दी झालेली कळायची. कधी वाक्याच्या शेवटी धाप लागलेली कळायची. तिला वाटायचं, एकदा विचारावं, दवाखान्यात दाखवलंस का. मग ते "पत्ते खेळत होती" आठवायचं आणि ती पोरग्याच्या आवाजात त्याच्यावर आणखी जोरात ओरडायची.

मालिका संपत आली. दादाने शेवटचा भाग आधीच उरकून टाकला. काकांना म्हणाला, तपासण्या आहेत, नंतर जमेल न जमेल. त्यानंतर एका सकाळी वहिनीचा फोन आला. पिपाणी चप्पल उलटसुलट घालून धावली. ती पोचली तेव्हा भोंगा बंद झाला होता. या वेळी भरल्या घरात तिला कुणी काही म्हणालं नाही, आणि तिला वाटलं, कुणीतरी म्हणावं.

काही दिवसांनी तिला तिचा शेवटचा भाग करायला जावं लागलं. स्टुडिओत ती आणि काचेपलीकडे काका, एवढीच माणसं. काकांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. तिने हेडफोन हातात धरला आणि लावेचना.

"आज नको असेल तर राहू द्या, ताई," काका म्हणाले.

"नको कसं? माझंच काम आहे." मग तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, इतका कसा हो दगड? मेला तरी एक शब्द बोलला नाही. एकदा म्हणाला असता चुकलं, तर मी पायांवर डोकं ठेवलं असतं त्याच्या."

काका तिच्याकडे बघत राहिले. "म्हणाला होता की, ताई."

"कुणाला?"

"तुम्हाला. गुहेतला सामना आठवतो? त्यात काळझग्याचं वाक्य होतं, 'थांब, हा डाव इथेच मोडून टाकू.' ते त्याने बदललं. मला म्हणाला, ओठ बसतायत ना, मग राहू दे, तिला सांगायचंय. मी राहू दिलं."

पिपाणीला ते वाक्य लख्ख आठवलं. दादाच्या आवाजात, हळू, काळझग्या कधी बोलत नसे इतकं हळू: "चुकलं माझं त्या दिवशी. सोडून दे आता." तिला वाटलं होतं, मागच्या कुठल्याशा भागात काळझग्याने पोरग्याला फसवलं होतं, त्याचंच असेल. तिला कधी गोष्टीचा धड पत्ता लागतच नसे. मनात आलं होतं की आज दादाने बरं म्हटलं, आणि तिने आपल्या कागदावरचं पुढचं वाक्य घेतलं होतं, पोरग्याच्या कडक आवाजात, एका दमात.

"मी काय म्हणाले होते?" तिने विचारलं. तिला माहीत होतं.

काकांनी खाली बघितलं. "'आता उशीर झाला. पत्ता टाक.'"

"ते कागदावर होतं, काका."

"असेल. तुमचा कागद तुमच्या हातात, मला कुठे माहीत होतं? मी तर समजलो, तुम्हाला कळलं आणि तुम्ही उत्तर दिलंत."

"आणि तो?"

तिने पुन्हा विचारलं तेव्हा काका म्हणाले, "भाग तयार झाल्यावर तो मुद्दाम ऐकायला आला होता. तुमचं वाक्य ऐकलं, हसल्यासारखं केलं. म्हणाला, बरोबर आहे तिचं. मग कधी तो विषय काढला नाही."

पिपाणी खुर्चीत बसली. त्याच्याही कागदावर त्याचीच वाक्यं होती. तिचं वाक्य छापील आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता, जसा त्याचं वाक्य छापील नाही हे तिला कळायला नव्हता. त्याने माफी मागितली, तिने तोंडावर नाकारली, आणि तो ते खरं समजून पुढेही सकाळी येत राहिला, तिच्याशी भांडत राहिला. तिला रडू आलं. ते रडूही पोराच्याच आवाजात होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या आवाजाची चीड आली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि हेडफोन लावला. शेवटचा सामना सुरू झाला. दादाच्या प्रत्येक वाक्यापाशी ती काकांना थांबवून विचारू लागली, "हे त्याचं, की कागदावरचं?" काकांनी आतून दादाचा कागद आणला होता. ते बघून सांगत, "कागदावरचं." पुढचं? कागदावरचं. प्राणी पडला, पत्ते संपले, काळझग्या हरला. त्याने शेवटचा पत्ता टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "खेळ संपला. निघतो मी."

"हे?"

काकांनी कागदावर बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. "हेही कागदावरचंच, ताई. जसंच्या तसं."

पडद्यावर काळझग्या पाठ फिरवून दूर दूर जात होता. पोरगा टेबलापाशी उभा राहून त्याच्याकडे बघत होता. काकांनी रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला.

"दादा," पिपाणी माईकमध्ये म्हणाली, "मला कळलं नव्हतं रे. मी नव्हते तसं म्हणाले. थांब ना जरा."

काकांनी यंत्र बंद केलं नाही. तिला बोलू दिलं, बोलून झाल्यावर जरा वेळ जाऊ दिला, आणि मग काचेपलीकडून शक्य तितक्या हळू म्हणाले, "ताई, त्याचं तोंड बंद आहे. तिथे फक्त श्वास लागेल."

तिने पडद्याकडे पाहिलं. खरंच, पोरग्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, काळझग्या दिसेनासा होईपर्यंत मिटलेलेच होते. तिने मान हलवली, चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाली, "घ्या."

चित्र मागे गेलं. दादा पुन्हा म्हणाला, "खेळ संपला. निघतो मी." पिपाणीने श्वास घेतला आणि सोडला. तो मध्येच तुटला. काकांनी दुसरा मागितला नाही.