मगर बार काढत नाय

सावित्रीच्या काठावर उभी असलेली ती मोटारसायकल अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात तर किती पाहिले त्याचा हिशेब नाही. पण भीती माणसाला कुठपर्यंत नेते, हे मला या एका प्रकरणाने दाखवलं. प्रकरणातल्या कोणाचं नाव मी लिहिणार नाही, गावाचंही नाही. ती माणसं आजही तिथेच राहतात.

मी तेव्हा महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पाऊस संपून थंडी सुरू झाली होती. एका सोमवारी सकाळी ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितलं, "साहेब, महाडच्या हायस्कूलमधले सर कालपासून घरी आले नाहीत. त्यांच्या मिसेस बाहेर बसल्यात."

हे सर गावात सगळ्यांना माहीत होते, ते त्यांच्या छंदामुळे. ते मासे पकडायचे, पण आपल्याकडे पकडतात तसे नाही. लांब लवचीक काठी, तिला जाड दोर, आणि टोकाला कोंबड्याच्या पिसांपासून स्वतः बांधलेली खोटी माशी. काठी डोक्यावरून फिरवून ती माशी वाहत्या पाण्यावर अलगद टेकवायची. मासा खरी माशी समजून झेप घेतो. सर तो हातात घेऊन बघायचे आणि परत सोडून द्यायचे. लोक हसायचे. सरही हसायचे. रविवारी नदीवर जाताना फोन घरी ठेवायचे. नदीवर कोणी हाक मारलेली त्यांना आवडत नसे.

बेपत्ता व्यक्तीची नोंद घेऊन मी माणसं पाठवली. दुपारपर्यंत मोटारसायकल सापडली. महाडच्या खाली नदीचा एक खोल डोह आहे, त्याच्या काठावर ती नीट स्टँडवर उभी होती. खाली कातळावर सरांची काठी पडलेली, आणि पाण्याच्या अगदी कडेला एक बूट.

त्या डोहात मगरी आहेत, हे तालुक्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. उन्हं खायला त्या कातळावर येतात.

त्यामुळे काय झालं असेल हे कोणी बोलून दाखवायची गरजच उरली नाही. संध्याकाळपर्यंत पुलावर गर्दी जमली. बिरवाडीपासून नाते गावापर्यंतची माणसं येऊन पाण्याकडे बघत उभी होती. बचाव पथकाची पोरं होडी घालून गळ फिरवत होती, पण भीतीने त्यांचेही हात पाण्याला लागत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून काठावरच्या गावांतल्या बायकांनी नदीवर धुणं न्यायचं बंद केलं. गुरं पाण्यावर सोडेनात. वनरक्षक मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, इथल्या मगरीने माणूस नेल्याचं मी तरी ऐकलं नाही." पण तेही त्याने हळूच सांगितलं, कारण त्या दिवशी गर्दीत असं बोलणाऱ्याला लोकांनी सोडलं नसतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एक फोन आला. योगायोगाने मीच उचलला. बाईचा आवाज होता, दबलेला.

"मोठं साहेब हायत का?"

"बोलतोय."

"साहेब, ती मगर नाय. आमच्या रानात बार झाला. त्याच्या मागनं माणूस वरडला. मगर बार काढत नाय, साहेब."

"कुठलं रान? गाव कुठलं?"

फोन बंद झाला.

असे फोन येतात. निम्मे खोटे असतात. पण खोटं सांगणारा माणूस बोलत राहतो, आपल्याला पटलं की नाही याचा अंदाज घेतो. या बाईला फक्त ते पोटातून बाहेर काढायचं होतं. मी त्या आवाजाचा माग काढला नाही. काढला असता तर गावाला कळलं असतं.

मी सरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी महाडमध्येच शिक्षिका. रडून रडून डोळे सुजलेले, पण बोलणं स्पष्ट. मी विचारलं, "सर त्या डोहावर नेहमी जायचे का?"

"डोहावर? ते डोहावर कधीच जात नव्हते. त्यांना मगरींची फार भीती वाटायची. पुलावरून जातानासुद्धा खाली बघायचे नाहीत. आणि त्यांचा तो प्रकार डोहात होतच नाही, त्यांना उथळ वाहतं पाणी लागतं. ते वर जायचे, पोलादपूरच्या अंगाला."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सगळे मगर मगर म्हणत होते हो. मला वाटलं, या वेळी गेले असतील."

त्या एका बोलण्याने सगळं फिरलं. गाडी, काठी, बूट कोणीतरी आणून ठेवलं होतं. म्हणजे कोणीतरी शांतपणे विचार केला होता की तालुका कशावर विश्वास ठेवील.

वरच्या खोऱ्यातल्या ज्या गावाजवळ सर जायचे तिथे मी साध्या गाडीने गेलो. रानडुक्कर भात आणि नाचणीची नासाडी करतं म्हणून तिथे काहींकडे शेती संरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत. त्या बंदुका डुकराला पळवून लावण्यासाठी असतात, पण सुट्टीत मुंबईची मंडळी आली की चोरून पारध होते, हे आम्हाला कळत होतं. चार जण हाकारे घालतात, एक जण वाटेवर बंदूक घेऊन बसतो. एरवी पोलिसाची गाडी आली की गावात माणसं गोळा होतात. त्या दिवशी रस्ता रिकामा झाला. एका बाईने अंगणातल्या पोरीला हाताला धरून आत ओढलं. पोलीस पाटील आला तो माझ्या बुटांकडे बघत बोलत राहिला.

"पारध झाली का रविवारी?"

"नाय साहेब. आता कोण करतो पारध."

"बार ऐकलास का?"

"नाय."

गप्प गाव मी पूर्वीही पाहिलं होतं. पण माणूस काही लपवताना गप्प बसतो ते वेगळं आणि घाबरून गप्प बसतो ते वेगळं. हे गाव घाबरलेलं होतं. नंतर कळलं, देवळात नारळावर हात ठेवून सगळ्यांकडून गप्प राहायचं वचन घेतलं होतं.

मी तिथे काही ताणलं नाही. खोऱ्यातल्या सगळ्या परवानाधारकांना तपासणीसाठी बंदुका घेऊन ठाण्यात यायला सांगितलं. ही आमची नेहमीची पद्धत, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. माणसं एकेक करून येऊ लागली. बहुतेकांच्या बंदुका गंजलेल्या, एकीच्या नळीत तर कोळ्याचं जाळं. मग एक साठीचा शेतकरी आला. चांगली जमीन, गावात शब्दाला वजन, धोतर-सदरा स्वच्छ. त्याची बंदूक नुकतीच तेल लावून पुसलेली होती. आत, बाहेर, चापाच्या फटीतसुद्धा.

मी त्याला खुर्ची दिली. चहा मागवला. बंदुकीबद्दल एक अक्षर बोललो नाही. भातपीक कसं झालं ते विचारलं, मुंबईहून कोणी आलंय का विचारलं, तर पुतण्या आलाय म्हणाला. तो सगळ्याची उत्तरं देत होता, विचारण्याच्या आधी देत होता. मग मी सहज म्हटलं, "त्या सरांचं वाईट झालं. मगरीने काही ठेवलं नाही."

"व्हय साहेब. वाईटच." तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, एक विचारू? समजा, असा माणूस कुठं सापडला. जखमी, पण जिता. तर मंग केस काय लागते?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून फार सावकाश ठेवला.

मगरीने नेलेला माणूस जिवंत सापडेल का, असं तालुक्यात कोणीही विचारत नव्हतं. सरांची पत्नीसुद्धा आता विचारत नव्हती. हा विचारत होता.

सर जिवंत होते. किंवा हा घरून निघाला तेव्हा तरी होते.

मी घाबरलो तो त्या क्षणी. पुढे बसलेल्या माणसाला मी हातकड्या घातल्या आणि त्याने तोंड मिटलं, तर त्या डोंगरांत मी सरांना कुठे शोधणार होतो? एक खोरं म्हणजे शेकडो गोठे, पडव्या, घळी. आणि त्याला सोडून दिला, तर तो घरी जाऊन काय करील? कायदा सांगत होता तसं करावं, तर माणूस जायचा. मी आवाज चढवला असता तरी गेला असता. समोरचा माणूस क्रूर नव्हता. घाबरलेला होता. आणि मला घाबरलेल्या माणसाचीच जास्त धास्ती वाटते.

मी शिपायाला बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि खुर्ची त्याच्या शेजारी घेतली.

"काका," मी म्हटलं, "जिता माणूस सापडला तर गोळी चुकून लागली असं तो स्वतः सांगू शकतो. मेलेला माणूस काही सांगत नाही. मग जे सांगायचं ते मी सांगणार, आणि मी खून म्हणणार."

तो कप बोटांत फिरवत राहिला.

"कोणी मारली गोळी? पुतण्याने?"

बाहेर वायरलेसची खरखर चालू होती. मग त्याचे खांदे पडले.

"पोराला वाटलं डुक्कर हाय. जाळीत काय तरी हाललं. सर मातीच्या रंगाचं कपडं घालून बसल्यालं, माशाला दिसू नये म्हनून. पोरानं बार काढला." त्याने तोंडावर हात फिरवला. "इस्पितळात न्हेलं तर पोराची नोकरी जानार, लगीन ठरलंय. म्हनून गाडी, काठी, बूट रातीच डोहावर न्हेऊन ठेवलं. म्हटलं, बरं झालं की बोलू त्यांच्याशी. पन ते बरं व्हईनात, साहेब."

"कुठे आहेत?"

"वरच्या गोठ्यात. पोरगा हाय त्यांच्यापाशी." मग अगदी हळू म्हणाला, "त्याच्यापाशी ठासनीची बंदूक हाय. बिनपरवान्याची."

स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी दोन हवालदार आणि त्या काकाला घेऊन निघालो. रुग्णवाहिका खालच्या रस्त्यावर थांबवली. चढ उभा होता, कारवीच्या झुडपांतून. काका पुढे, मी त्याच्या मागे, पिस्तूल हातात. त्याच्या धापांचा आवाज येत होता. मला एकच भीती होती, की आपल्या पावलांचा आवाज वर ऐकू गेला तर त्या गोठ्यात काय होईल. नोकरीत माझ्यावर गोळी झाडली गेली आहे, पण त्या चढावर वाटली तेवढी भीती तेव्हा वाटली नव्हती.

गोठा दिसला. दार आतून लावलेलं. काकाने माझ्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "अरे, मी हाय रे. दार उघड."

आतून घोगरा आवाज आला, "काका, कोन हाय संगती?"

"साहेब हायत. उघड."

"पोलीस आनलंस? काका, तू पोलीस आनलंस?" त्याचा आवाज चिरकला. "कोणी पुढं आलं तर मी गोळी घालीन. आय स्वेअर, मी घालीन."

हवालदार झाडामागे गेले. मी तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात आतून दुसरा आवाज आला. इतका बारीक की आधी वाटलं गाय हुंकारली.

"दार उघड रे," तो आवाज म्हणाला. "मी सांगेन त्यांना. चुकून झालं, असं सांगेन. उघड."

शाळेतल्या मुलाशी बोलावं तसा तो आवाज होता. कडी काढल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. पुतण्या बाहेर आला तेव्हा बंदूक त्याच्या हातात होती, पण नळी जमिनीकडे. हवालदाराने ती काढून घेतली. तो खाली बसला आणि त्याला उलटी झाली.

आत गवतावर सर पडले होते. पोटरीत आणि कुशीत छर्रे, अंगात तापाचा वणवा, पाय काळानिळा. गोठ्यात जो वास होता तो मी लिहीत नाही. कांबळ्याची झोळी करून आम्ही त्यांना खाली आणलं. काकाने झोळीचं एक टोक धरलं होतं. मी त्याला अडवलं नाही.

सर वाचले. मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. काका आणि पुतण्यावर जखमी करणं, डांबून ठेवणं, पुरावा नाहीसा करणं, शस्त्र आणि वन्यजीव कायदा, अशी सगळी कलमं लागली. कोर्टात सरांनी गोळी चुकून लागली हेच सांगितलं. त्यानंतरच्या दिवसांबद्दलही त्यांनी खरं तेच सांगितलं. दोघांना शिक्षा झाली.

जबाब घ्यायला मी रुग्णालयात गेलो तेव्हा जबाब संपल्यावर सरांना विचारलं, सगळ्यात जास्त भीती कधी वाटली. मला वाटलं, गोळी लागली तेव्हा म्हणतील.

"नाही," ते म्हणाले. "सुरुवातीला काका फार काळजी घ्यायचे. भाकरी कुस्करून द्यायचे, ताप बघायचे, माफी मागायचे. मग एक दिवस त्यांनी माझ्याकडे बघायचं थांबवलं. ताटली ठेवायचे ती भिंतीकडे बघत. तेव्हा मला कळलं, आता मी त्यांच्या लेखी माणूस उरलो नाही, अडचण झालो."

माझ्या सगळ्या नोकरीत गुन्ह्याची याहून अचूक व्याख्या मला कोणी सांगितली नाही. वाईट माणसं गुन्हे करतात, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मला भेटले ते जास्त करून घाबरलेले लोक होते. पहिल्या तासात खरं बोलायची त्यांना भीती वाटली आणि पुढच्या प्रत्येक तासाला ते आणखी महाग होत गेलं. आता निवृत्तीनंतर कोणी तरुण अधिकारी विचारतो तेव्हा मी एवढंच सांगतो, की समोरचा माणूस रागावलेला आहे का हे नंतर बघ, आधी तो किती घाबरलाय ते बघ.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात काका बाकावर बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्या दिवशी ठाण्यात येण्याआधी काय ठरवलं होतं, हे तपासात त्याने कधीच सांगितलं नव्हतं, आणि आता ते विचारायचा मला अधिकारही नव्हता. तरी मी विचारलं.

त्याने धोतराचा सोगा मांडीवर सारखा केला.

"ठरवलं काय नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "पन त्या सकाळी मी भाकरी न्हेली नव्हती."