भाजी पुरुषांच्या पंगतीत संपायची

आमच्या मळमड्डीच्या घरात म्हशीला कोंडा मिळायचा आणि सुनांना एरंडेल. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. इतकी वर्षं झाली तरी आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, म्हणून लिहायला बसले आहे. लिहिणं काही माझं काम नव्हे. हुबळीच्या बाजारात माझ्या वडिलांचं दुकान होतं, तिथल्या पुड्यांचे कागद वाचून मी अक्षरं शिकले, तेवढीच माझी शाळा. तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

माहेरी आमचे वडील सकाळी दुकानाच्या फळ्या काढायच्या आधी आम्हा सगळ्या पोरांना विचारायचे, झालं का? झालं नाही म्हटलं तर कोणी लाजत नसे. आई भाकरीबरोबर दोन वाट्या अंबाडीची भाजी जास्त वाढायची, वर तांब्याभर ताक, संपला विषय. पोट हा आमच्याकडे नाकाकानासारखाच एक अवयव होता.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी, पंधराव्या वर्षी, मी लग्न होऊन धारवाडला, मळमड्डीच्या या घरात आले. मामंजी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की जोंधळा नांगर धरणाऱ्यांनी खावा, लेखणी धरणाऱ्यांनी गहू-तांदूळ. तांदूळसुद्धा कसला, तर गिरणीत सडून आणलेला, मोगऱ्याच्या कळीसारखा पांढरा. कणीक दोनदा चाळायची. पोळी अशी मऊ की दात नसले तरी चालावं. चाळणीतला सगळा कोंडा म्हशीच्या आंबोणात जायचा. शेतातून जोंधळा यायचा तो गड्याच्या आणि भांडी घासायला येणाऱ्या म्हातारीच्या भाकरीसाठी. ती म्हातारी मला कानडीत म्हणायची, यव्वा, या घरात म्हशीचं पोट तेवढं बरं आहे.

आता तुम्ही म्हणाल, भाजी तर होती ना? होती. पण भाजी किती चिरायची ते सासूबाई काढून द्यायच्या, आणि पुरुषांची पंगत आधी. मेथी, शेपू, काकडीची कोशिंबीर, सगळं पंगतीत फिरायचं. कोणी पुन्हा मागितलं तर नाही म्हणायची रीत नव्हती. बायका मागून, नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बसायच्या. आणि मामंजींनी मुलांना शिकवलेलं, ताटात कण टाकायचा नाही. मोठा सद्गुण. ताटं अशी लख्ख यायची की घासायचीही गरज पडू नये. आमच्या वाट्याला गार भात, पातळ सार, आणि भाजीच्या भांड्याला लागलेलं तेल.

दुसरं म्हणजे परसाकडे जायची वाट. संडास मागच्या आवारात, आणि तिथे जायचं तर मामंजी जिथे पेपर वाचत बसत त्या सोप्यावरून. हातात तांब्या घेऊन सुनेनं त्यांच्यासमोरून जायचं? छे. उजाडायच्या आत उरकायचं. तेव्हा नाही झालं तर दुसऱ्या दिवशी. पुरुषांचं मात्र सकाळभर तेच पुराण. मामंजींना आज साफ झालं की नाही, ते सगळ्या आळीला ठाऊक. थोरल्या दिरांना, म्हणजे सगळे ज्यांना अण्णा म्हणत त्यांना, आज त्रिफळा घ्यावा का, यावर चहाबरोबर चर्चा. बायकांना पोट आहे हे फक्त महिन्याच्या एका रविवारी आठवायचं. त्या दिवशी सासूबाई पितळी वाटीत एरंडेल घेऊन दोघी सुनांना समोर उभं करायच्या. दिवसभर आतडी पिळवटून निघायची आणि सोमवारपासून पुन्हा तोच पांढरा भात.

थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणायची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, बोलायला मऊ, कामाला वाघ. लग्नाला सहा वर्षं, नांदायला येऊन तीन झाली तरी मूल नव्हतं. आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं की ती महिन्यातून दोनदा, कधी तीनदा बाहेर बसते. विटाळ म्हणजे तीन रात्री गोठ्याशेजारच्या पडवीत, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. अक्का घरात आली न आली की आठ-दहा दिवसांनी परत पडवीत. सासूबाईंनी वैद्यांना जाऊन सांगितलं, थोरलीच्या अंगावरून फार जातं. वैद्यांनी तिला बघितलंही नाही, नाडीसुद्धा धरली नाही. अशोकाच्या सालीचा काढा दिला. वर्षभर ती तो कडू काढा प्यायली. फरक काही नाही, उलट वाढतच गेलं.

मग व्हायचं ते झालं. बेळगावकडच्या एका मुलीची पत्रिका आली. अण्णांसाठी. त्या काळी दुसरी करायला कोणी कोणाला विचारत नव्हतं. मामंजी म्हणाले, वंश थांबायला नको. सासूबाई म्हणाल्या, थोरली काय, राहील घरातच, तिला कोण हाकलतंय. अण्णा हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. ते म्हणाले, वडील म्हणतील तसं. आणि अक्का ओट्याशी बसून मुकाट कणीक चाळत होती.

त्याच पंधरवड्यात आम्ही दोघी एकाच वेळी पडवीत सापडलो. मला माझा नेहमीचा विटाळ आला होता, ती आधीच येऊन बसली होती. दोघींना दोन चटया, मधे गोणपाट. सासूबाई लांबून भाकरी टाकायच्या, गड्याबरोबरचीच, जमिनीवर बसलेल्या बाईला वरणभात कशाला म्हणून. बरोबर गड्याचंच जाडंभरडं कालवण, पुंडीची, म्हणजे आमच्या अंबाडीची, नाही तर राजगिऱ्याची भाजी देठांसकट. अक्का ती भाकरी अशी खात होती की मला वाटलं हिला कोणी उपाशी ठेवलं होतं. पण बसत होती एका मांडीवर कलून, सारखी कूस बदलत.

मी थट्टेनं म्हटलं, "अक्का, खाली विस्तव ठेवलाय का कोणी?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी घाबरलेच. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "हे ते नव्हेच ग."

मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी कुंथून कुंथून तिला रक्त पडायला लागलं. एकदा लुगड्याला डाग पडला, तो सासूबाईंनी पाहिला आणि म्हणाल्या, कावळा शिवला वाटतं, जा बाहेर. अक्का गेली. रक्त कुठून आलं हे सांगण्यापेक्षा जाणं सोपं होतं. पडवीत बसली, गड्याची भाकरी खाल्ली, संडास दहा पावलांवर, वाटेत कोणी नाही. तिसऱ्या दिवशी विनासायास झालं. आग थांबली. न्हाऊन घरात गेली, पुन्हा तो भात, पुन्हा ते धरून ठेवणं, आठ दिवसांत पुन्हा रक्त. मग डाग दिसायच्या आत ती स्वतःच सांगायला लागली, मी बाहेरची झाले.

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग ध्यानात आलं की ही महिन्यातले दहा-बारा दिवस पडवीत, तर मूल होणार कसं? वांझपणा कसला न् काय. आणि तो काढा. माझी आजी म्हणायची, तुरट काढ्यानं पोट बांधतं. म्हणजे जो रोग नव्हता त्याचं औषध देऊन जो होता तो वाढवला. आणि त्याच्यावर आता सवत आणणार. माझं डोकं असं फिरलं की न्हाऊन घरात गेल्यागेल्या मी सासूबाईंना गाठलं. अक्कानं शपथ घातली होती, कोणाला सांगू नकोस म्हणून. मी ती मोडली.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"मूळव्याध मला काय नाही?" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं आहे. बोलले का कधी?"

मी म्हटलं, मग मामंजींना तरी सांगा, ती बेळगावची सोयरीक मोडा. त्या म्हणाल्या, दुकानदारांची पोर तू, तुमच्यात परसाकडच्या गप्पा जेवताना चालत असतील. आमच्यात सून असलं काही पुरुषांच्या कानावर घालत नाही. सवत आली तरी बाई घरात मानानं राहते, ही गोष्ट चव्हाट्यावर आली तर तोंड कुठे लपवील?

मला त्यांचा राग आला, आजही येतो. तीस वर्षं ज्या बाईला काट्यावर बसल्यासारखं बसावं लागलं, तिनं दुसरीला तेच का द्यावं? कधी वाटतं, तिला तरी दुसरं कोणी काय दिलं होतं. पण ते मन शांत असेल तेव्हा. मन शांत फार वेळ राहत नाही.

नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, थोरल्या भावाशी मी हे बोलू? वेड लागलंय का तुला.

मग राहिले कोण? अण्णा मुलगी बघायला निघायचे त्या दिवशी गाडी लवकर म्हणून त्यांचं ताट एकट्याचं मांडलं होतं. मामंजी अंघोळीला, सासूबाई देवाशी. वाढायला मी. थोरल्या दिरासमोर मी तोवर हो-नाहीपलीकडे बोलले नव्हते. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, खाली बघत, आणि एका दमात म्हणाले, "अण्णा, अक्काला विटाळ नसतो. तिला मूळव्याध आहे. शौचाला होत नाही म्हणून रक्त पडतं. तिला सवत नको, भाजी हवी."

त्यांचा घास हातातच राहिला. कान लाल झाले. विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, दोन वर्षं.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कोणाला विचारलंत?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला ठाऊक नाही. हा माणूस रोज वर्गात भिंतीवर आतड्यांचा तक्ता लावून पोरांना काठीनं दाखवायचा, अन्न इथून जातं, इथे पचतं. आणि घरात जिच्या हातचं खायचं तिच्या आतड्यांत काय चाललंय, पत्ता नाही.

ते ताटावरून उठले. गाडीला गेले नाहीत. मामंजींना सांगितलं, माझं पोट बिघडलंय. बघा, कसं सोपं आहे पुरुषांना. लगेच ओवा आला, हिंग आला, सासूबाई कपाळाला हात लावून गेल्या. पुढच्या आठवड्यात बेळगावला पत्र गेलं, की तूर्त विचार नाही. कारण काय, ते अण्णांनी वडिलांना कधीच सांगितलं नाही.

त्या दिवसापासून ते ताटात अर्धी भाजी ठेवून उठायला लागले. मामंजी ओरडले, अन्न टाकतोस? ते हात धुवायला गेले. आळीतल्या बायका म्हणाल्या, काय तरी प्रेम. मला नाही वाटलं. उष्ट्यातून कशाला? भांड्यातून का नाही? बायकोच्या पानात आधी चार घास वाढा म्हणून आईला सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. मग मीच चिरताना मूठभर जास्त चिरून वेगळ्या पातेल्यात शिजवू लागले, आणि दोन भाकऱ्या जास्त थापू लागले. सासूबाई म्हणायच्या, लेखणीवाल्यांच्या सुना गड्यासारख्या खायला लागल्या. म्हणू दे.

आणि अक्का? ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही. माझ्या हातची भाकरी खायची, पण वर बघायची नाही. एकदाच म्हणाली, तू माझा संसार वाचवलास आणि अब्रू घालवलीस, आता मी त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ. मला फार लागलं. आज वाटतं, तिचंही खरं होतं.

हळूहळू रक्त थांबलं. पडवी महिन्यातून एकदाच. पुढच्या वर्षी अक्काला दिवस गेले. सासूबाईंनी श्रेय वैद्यांच्या काढ्याला दिलं आणि मारुतीला अकरा शनिवार तेल घातलं. वर लगेच भाकरी बंद केली, ती उष्ण म्हणून, पालेभाजी बंद केली, ती वातूळ म्हणून. मऊ भात, तूप, लिंबाचं लोणचं. सातव्या महिन्यात अक्काचा चेहरा पुन्हा तसाच दिसायला लागला, जसा त्या पडवीत मी पाहिला होता.

डोहाळजेवणाला आळीतल्या वीस-पंचवीस बायका जमल्या. हिरवं लुगडं, फुलांच्या वाड्या, अक्काला पाटावर बसवलेलं. बाहेर सोप्यावर मामंजी आणि त्यांचे दोन मित्र. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, सांग बाई, काय खावंसं वाटतं? पोटुशीनं जे मागितलं ते द्यायलाच लागतं, नाही म्हटलं तर मूल लाळ गाळतं म्हणतात. सगळ्यांना वाटलं, श्रीखंड म्हणेल, नाही तर पुरणपोळी.

अक्का मान खाली घालून बसली होती. मग तिनं मान वर केली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मला जोंधळ्याची भाकरी आणि पुंडीची भाजी पाहिजे. रोज. पुरुषांच्या आधी. मला परसाकडे होत नाही."

एक बाई फिस्सकन हसली आणि पदरात तोंड घालून थांबली. बाहेर मामंजींच्या पेपराचा आवाज बंद झाला. सासूबाईंच्या हातातली ओटी तशीच राहिली. कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून नुसत्या माना हलवत होत्या, आणि त्या नकाराच्या माना नव्हत्या.

मी उठून चुलीकडे गेले, परातीत पीठ घेतलं, आधण ठेवलं. आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. आपल्या ताटात काय पडावं हे मोठ्यानं सांगायला बाईला सात महिन्यांचं पोट पुढे करावं लागलं, याचा संताप होता. मी भाकरी थापायला लागले, तशी मागून सासूबाई आल्या. मला वाटलं, आता बोलणार. त्या खाली बसल्या, एका मांडीवर कलून, जशा नेहमी बसायच्या, आणि म्हणाल्या, "माझ्यापुरती एक थाप."