पुढच्या रांगेतला चेहरा

माझ्या वडिलांना वरचे सूर ऐकू येत नाहीत, ही शंका मला पहिल्यांदा परभणीच्या उरुसातल्या कव्वालीत आली. ते मंडप आणि साउंडचे काम करतात. कव्वालाने आवाज वर नेला आणि स्पीकरमधून बारीक, धारदार शिट्टी सुटली. आसपासच्या सगळ्यांचे हात कानांवर गेले, माझेही. स्टेजच्या कडेला, लोकांकडे तोंड करून मिक्सरमागे बसलेले वडील मात्र बशीत चहा ओतत होते. मग त्यांनी समोर पाहिले, बशी खाली ठेवली, नेमके सरकते बटन खाली ओढले, आणि शिट्टी थांबली. कव्वालाने माईकवरूनच टोला दिला, "साउंडवाले चाचा, हमारे से ऊंचा तो तुमारा डब्बा गा रा." लोक हसले. वडीलही हसले, जरा उशिरा.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, एवढे तरी मला शिकवले गेले आहे. म्हणून एप्रिलमध्ये सोनपेठला जयंतीचा जलसा होता तेव्हा मी मुद्दाम बाजूला बसले, जिथून स्पीकर आणि वडील दोन्ही दिसतील. ढोलकी रंगली होती, कोरस जोरात होता, आणि त्यातले एकही गाणे मी ऐकले नाही. शिट्टी तीनदा आली. तिन्ही वेळा वडिलांची नजर आधी पुढच्या रांगेकडे गेली आणि हात त्यानंतर बटनाकडे. मधला वेळ मी फोनवर मोजला. ज्याला ऐकू येते त्याला इतका वेळ लागत नाही.

त्यानंतर घरी मी चाचणी घेतली. ते अंगणात वायरी गुंडाळत असताना मी मागे उभी राहून फोनवर एकेक स्वर वाजवला. हजार हर्ट्झला त्यांनी मान वळवली, दोन हजारालाही वळवली. चार हजाराला मात्र वायरीचे वेटोळे त्याच गतीने पडत राहिले. मी आवाज पूर्ण वाढवला. काय किंचाळतेय म्हणून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मी त्यांना काही सांगितले नाही. जानेवारीत मी संशोधनासाठी बंगळुरूला जाणार होते. जे दुरुस्त करायला मी इथे नसेन ते उघड करून काय उपयोग, असे मी स्वतःला समजावले. खरे तर ते ऐकताना त्यांचा चेहरा कसा होईल, याची मला भीती वाटत होती.

दिवाळीत मानवतच्या मार्केट यार्डात पहाटेची शास्त्रीय मैफल ठरली. बाहेरगावच्या एक नामवंत गायिका येणार होत्या. ऑर्केस्ट्रा, लग्ने, सप्ताह यांत वडिलांची हयात गेली. असे काम आपल्याला मिळावे, असे ते कित्येक वर्षे म्हणत होते. आदल्या संध्याकाळी टेम्पोत सामान भरताना ते म्हणाले, "उद्या तू पुढं बस. डोळे मिटू नको."

मी कारण विचारले.

"कव्वालीला, जलशाला लोकांच्या तोंडाकडं बघून समजतं मला. हे शास्त्रीयवाले डोळे मिटून बसतेत. तुझ्या तोंडाकडं बघीन मी."

त्यांनी दोरीला गाठ मारली. "आणि फोन घेऊन माझ्या मागं मागं हिंडायलीस ते दिसत न्हाई का मला? कान गेलेत, डोळे हायत."

हे दोन वर्षांपासून चालले आहे, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरचा विषय मी काढला, तर उद्याचे होऊ दे म्हणाले. खूण ठरली: शिट्टी आली तर कपाळाला आठी, नाहीतर चेहरा सरळ.

साडेपाचला मैफल सुरू झाली. शाली पांघरून बसलेल्या लोकांचे डोळे खरोखरच मिटलेले होते. माझा चेहरा दिसावा म्हणून वडिलांनी पुढच्या रांगेजवळ एक वेगळा बल्ब लावला होता. त्या उजेडात मी स्वतःला उपकरण समजून ताठ बसले. ललत रागाचा आलाप संथपणे चालला होता. एकदा शिट्टीचा अंकुर आला; मी आठी घातली आणि ती वाढायच्या आत मावळली. कुणाला कळलेही नाही. व्यवस्था चालते आहे, असे मला वाटले.

मग गायिका निषादावर येऊन थांबल्या. तार षड्ज अगदी वर, हाताच्या अंतरावर होता आणि त्या तिथे जात नव्हत्या. श्वास संपेल असे वाटेपर्यंत त्यांनी तो सूर धरला आणि मग अलगद षड्जाला स्पर्श केला. स्पीकरमध्ये काहीही बिघडले नव्हते. बिघडला होता माझा चेहरा. डोळे भरले होते, कपाळ आक्रसले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

वडिलांनी बटन ओढले. भर षड्जावर आवाजावर गोधडी टाकल्यासारखे झाले.

गायिका थांबल्या. रांगेमागून रांगेत डोळे उघडले आणि माना मिक्सरकडे वळल्या. "आवाज का काढून घेतला?" त्यांनी शांतपणे विचारले. मी उठून मिक्सरकडे धावले. तोवर आयोजकांतले एक व्यापारी तिथे पोचले होते.

"काय हो, वायर गेली का?"

हो म्हटले असते तर भागले असते. वायरी तुटतातच, कुणीही पुढे काही विचारले नसते. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून 'हो म्हणा' असे सुचवले, हे मला आज कबूल केले पाहिजे.

"वायर ठीक हाय," ते म्हणाले. "मला वरचे सूर ऐकू येत न्हाईत. पोरीच्या तोंडाकडं बघून चालवायलो होतो."

व्यापाऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मिक्सरकडे पाहिले. "मग आता?"

वडील खुर्चीवरून उठले. "आता ही बसंल. हिचे कान चांगले हायत."

माईक आणि स्पीकर एकमेकांना कधी भिडतात, याची समीकरणे मी सोडवली होती. माणसाच्या गळ्याला मात्र कधी हात लावला नव्हता. मी बोट बटनावर ठेवले. "तिसरं," वडील कानाशी म्हणाले. "सावकाश वर घे." गायिकेने सा लावून पाहिला, मान डोलावली आणि पुन्हा निषादापासून सुरुवात केली.

थोड्या वेळाने डाव्या स्पीकरमध्ये शिट्टी उगवू लागली. मी बटन केसभर खाली घेतले.

"आली होती का?" त्यांनी विचारले.

"हो."

"मोठी?"

"न्हाई. लय बारीक."

ते पुढे झुकले, आणि बटन कोणत्या रेघेवर थांबले आहे ते चष्मा वर करून पाहत राहिले.