पाणकावळ्याचे नवे डबे

डेसमंड हेबलथ्वेट बोलायला लागला की आधी श्वास ऐकू यायचा. मग घसा खाकरायचा, मग "आता बघा", आणि त्याच्याही नंतर मुद्दा. त्याची नक्कल अगदी सोपी. हनुवटी गळ्यात घालायची, दोन्ही हात पोटावर ठेवायचे, आणि उकळत्या तेलात मासा सोडावा तसा एकेक शब्द जपून सोडायचा. त्याच्यासमोर केली तरी तो रागवायचा नाही. "आवाज जमला पोरी," म्हणायचा, "पोट कमी पडतंय. उशी लाव."

थॉर्नसीच्या किनाऱ्यावर त्याचं मासे-चिप्सचं दुकान. दुकानाच्या मागच्या खिडकीतून मेरीफील्ड पार्कचा लाकडी रोलरकोस्टर दिसतो. त्याचं नाव कॉर्मरंट, म्हणजे पाणकावळा. पहिल्या उतारावर गाडी थेट समुद्राकडे चोच खुपसते, म्हणून ते नाव. डेस मासे तळता तळता कान तिकडे लावून असायचा. गिऱ्हाइकाला व्हिनेगर हवं की नको हे विचारताना मध्येच थांबायचा, वर बघायचा आणि सांगायचा, "मागचं चाक कोरडं पडलंय." गिऱ्हाईक म्हणायचं, "व्हिनेगर हवंय."

डेस आणि त्याची बायको ग्लेनिस लग्नाआधीपासून पाणकावळ्यात बसत आलेले. जुन्या गाडीत दोघांना एक बाक आणि दोघांत मिळून एकच दांडी. ती दांडी डेसच्या पोटावर टेकायची आणि तिथेच थांबायची. त्यामुळे शेजारी बसलेल्या काटकुळ्या ग्लेनिसच्या मांडीवर हातभर पोकळी राहायची. प्रत्येक टेकाडावर ती उडायची, आणि डेस तिचा कार्डिगन मुठीत धरून तिला खाली आणायचा. "लोक बायकोशी लग्न करतात," तो म्हणायचा, "मी पतंगाशी केलं."

"आणि मी पेपरवेटशी," ग्लेनिस म्हणायची.

मग ग्लेनिसच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, गादीची, पाठीला आधार देणारी खुर्ची असेल तर काय हवं ते करा, पण त्या लाकडी बाकावर पुन्हा बसायचं नाही. त्या दिवसापासून डेसही बसायचा थांबला. आमच्या क्लबबरोबर पार्कात यायचा, सगळ्यांच्या बॅगा आणि चष्मे सांभाळत तिसऱ्या टेकाडाखालच्या कुंपणाशी उभा राहायचा. आम्ही आग्रह केला की म्हणायचा, "एकट्याने बसून मुठीत काय धरू?"

आमचा क्लब म्हणजे पार्कवेड्यांचा. दर जानेवारीत 'थ्री हेरिंग्ज' पबच्या माडीवर आम्ही जमतो आणि पार्कचे मॅनेजर मिस्टर प्रेंटिस आमच्या इच्छा ऐकायला येतात. अध्यक्ष रॉडरिक उभे राहतात, जाकिटाचं बटण लावतात आणि पार्लमेंटात भाषण असल्यासारखं नाकातून म्हणतात, "वास्तवाचं भान ठेवून मागू या, मंडळी." मग कोणालाच भान राहत नाही. कोणाला पाय लोंबकळणारा कोस्टर हवा असतो, कोणाला भुताची बोट. बस ड्रायव्हर युनिस दरवर्षी सांगते की तिला फक्त गरम पाणी येणारा नळ हवा, बायकांच्या टॉयलेटमध्ये, आणि दरवर्षी सगळे हसतात, आणि युनिस म्हणते, "हसा. तुम्हाला काय, झाडं आहेत."

शेवटी डेस. श्वास, घसा, "आता बघा. पाणकावळ्याला नवे डबे. गादीचे. पाठ टेकवता येईल असे." बस, दरवर्षी एवढंच. मिस्टर प्रेंटिस मान डोलवायचे आणि लोणी लावलेल्या आवाजात म्हणायचे, "आम्ही ऐकतोय, मिस्टर हेबलथ्वेट. पाहुण्यांचा अनुभव आमच्या काळजाच्या अगदी जवळ आहे." डेसने मग दुकानाच्या काचेवर कागद लावला, सह्या गोळा केल्या, प्रेंटिससकट पार्कच्या मालकांना फुकट मासे खाऊ घातले. कॉड घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांनाही त्याने कोस्टरच्या गाद्यांबद्दल ठाम मत बाळगायला शिकवलं.

आणि गेल्या जानेवारीत मिस्टर प्रेंटिस उठले, पडद्यावर एक चित्र लावलं आणि म्हणाले, "आम्ही ऐकलं."

चित्रात पाणकावळ्याची नवी गाडी होती. काळी, पिवळ्या चोचीची. उंच पाठीच्या खुर्च्या, जाड गाद्या, प्रत्येकाला स्वतंत्र दांडी. माडीवर असा गोंधळ झाला की खालून पबवाला बघायला आला. डेस मात्र खुर्चीत बसून राहिला. ग्लेनिस त्याच्या कानाशी वाकली. "रडतोयस काय? बिअर खारट होईल."

"डॉक्टरांना विचार," तो म्हणाला. "उद्याच विचार."

तिने विचारलं. डॉक्टरांनी चित्र बघितलं, हो म्हणाले.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही, पण सांगायला हवी. आपण दुरून यावं आणि नेमकी तीच राईड बंद असावी, याला आमच्यात खुन्नस म्हणतात. राईडने खुन्नस काढली. खुन्नस येऊ नये म्हणून आम्ही काय काय पाळतो. आदल्या दिवशी राईडचं नाव घ्यायचं नाही. रांगेत हवामान बघायचं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, फाटकाशी जी नमुन्याची खुर्ची ठेवलेली असते, आपण मावतो की नाही ते बघायला, तिच्यात पहिल्या फेरीआधी बसायचं नाही. बसलात की राईड बंद पडलीच म्हणून समजा. ती खुर्ची पब्लिकसाठी, आमच्यासाठी नाही.

ईस्टरच्या शनिवारी पाणकावळा सुरू होणार होता. फाटकाशी ती खुर्ची होती, नवी कोरी, वर पिवळी छत्री. डेस नवा शर्ट घालून आला होता, दुकान बंद ठेवून. ईस्टरच्या शनिवारी थॉर्नसीत मासे-चिप्सचं दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, ते थॉर्नसीवाल्यालाच विचारा. एक बाई पोराला त्या खुर्चीत बसवून फोटो काढत होती. डेसने खुर्चीच्या गादीवर दोन बोटं दाबून पाहिली. "मऊ आहे," ग्लेनिसला म्हणाला. युनिस मागून ओरडली, "हात काढ, खुन्नस लावशील." त्याने विस्तवाला लागल्यासारखा हात काढला आणि आम्ही सगळे हसलो.

क्लबने शेवटची ओळ त्या दोघांसाठी राखली होती. सगळ्यात जास्त उडायला होतं ते तिथेच. मी त्यांच्या पुढच्या ओळीत होते. गाडीत बसलो, दांड्या खाली आल्या, आणि लाऊडस्पीकरवर तो नेहमीचा झोपाळू आवाज आला, "हात आत, पाय आत, फोन खिशात, आणि प्रवास, अं, थरारक होवो." मग काहीच झालं नाही. गाडी हलेना.

बेव्हर्ली धावत मागे आली. ती पार्कात कित्येक वर्षं दांड्या तपासते आणि दर शुक्रवारी डेसकडून हॅडक मासा नेते.

"डेस, दिवा हिरवा होत नाहीये. श्वास सोड बरं."

"सोडला."

"अजून."

"आता उरलाच नाही गं."

तिने दांडीवर दोन्ही हातांनी जोर दिला. डेसने पोट आत घेतलं, पाठ मागे रेटली. पण नव्या खुर्च्यांना मध्ये भिंत होती, बाजूला सरकायला जागा नव्हती. मधल्या डब्यातून कोणीतरी ओरडलं, "चिप्स कमी कर, डेस." दोघं-तिघं हसले. बेव्हर्लीने गुडघा लावून दाबलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

"दांडीचा एक टक हवाय फक्त," ती म्हणाली. "एक टक वाजला ना, तरी कॉम्प्युटर गाडी सोडेल." टक वाजला नाही. ती खाली वाकून हळू म्हणाली, "जुनी गाडी असती तर मीच डोळेझाक केली असती रे."

रॉडरिक पुढून, तोंड न वळवता, "तांत्रिक अडचण असावी," म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज नाकातून आला नाही.

बेव्हर्लीने हात वर केला आणि सगळ्या दांड्या एकदम उघडल्या. डेस उठला. ग्लेनिसही उठली.

"तू कुठे?" तो म्हणाला.

"तुझ्याबरोबर."

"ग्लेनिस, बस."

"मला नकोय. मी काय एकटीने जायला आलेय?"

"अगं, मी पाच वर्षं त्या प्रेंटिसला मासे चारले. खाली बस, राणी."

ती बसली. त्याने वाकून तिची दांडी स्वतःच्या हाताने खाली आणली. टक, टक, टक. तिला सहा-सात वेळा वाजली. त्याने ओढून पाहिली, मग बेव्हर्लीसारखाच अंगठा वर केला.

मग फलाटावर ठेवलेल्या आमच्या बॅगा आणि चष्मे उचलून तो पलीकडच्या जिन्याकडे गेला. दांडी बसली नाही म्हणून उतरावं लागलं की त्या जिन्याला आमच्यात 'लाजेची वाट' म्हणतात. एरवी कोणी त्या वाटेने गेलं की आम्ही टाळ्या वाजवतो, चिडवायला. त्या दिवशी एकही टाळी वाजली नाही, आणि टाळी वाजली असती तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं, कारण लाकडी फळ्यांवर त्याचे बूट फारच ऐकू येत होते.

गाडी निघाली. हादरे नव्हते. लोण्यातून जावी तशी गेली. पहिल्या उताराला मागे ग्लेनिस गप्प होती, दुसऱ्यालाही. तिसऱ्या टेकाडावर मात्र आम्ही सगळेच्या सगळे खुर्चीतून उचलले गेलो आणि मागून तिची किंकाळी आली, लांब, शेवटी हसण्यात फुटलेली. तशी किंकाळी माझ्या ओळखीत दुसऱ्या कोणाची नाही. खाली कुंपणाशी डेस उभा होता, दोन्ही खांद्यांवर बॅगा, मान वर.

आम्ही उतरलो तेव्हा ग्लेनिसचे केस उभे होते, गाल लाल. डेसने तिच्या हातात तिचा चष्मा दिला.

"काही खास नाही," ती म्हणाली. "उगाच कौतुक. जुनीच बरी होती."

"तिसऱ्या टेकाडावर?"

"बसूनच होते."

"ग्लेनिस."

"थोडीशी उचलली गेले."

"थोडीशी?"

तिने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. "पूर्ण उडाले, डेस."

"आणि पाठ?"

"पाठ आहे हेच विसरले," ती म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, टाके होते ती जागा सोडून.

"मग पुन्हा जा," तो म्हणाला. "रांग लहान आहे. युनिसला घे बरोबर, ती जड आहे, गाडी छान पळेल."

"ऐकू आलं हं मला," युनिस म्हणाली. पण तिने ग्लेनिसचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. ग्लेनिस दोनदा वळून बघत होती. डेस दोन्ही वेळा हाताने 'जा, जा' करत होता.

मी कुंपणाशी त्याच्याजवळ थांबले. मिस्टर प्रेंटिस आले, कोटाला पिवळ्या चोचीचा बिल्ला टोचलेला. त्यांना काहीच कळलं नव्हतं. "काय मग, मिस्टर हेबलथ्वेट? मनासारखं झालं ना सगळं?"

"झालं," डेस म्हणाला. "फार गुळगुळीत झालीय. आभारी आहे."

"मग पुढच्या जानेवारीत काय मागणार? आता तर तुमच्याकडे मागण्यासारखं काही उरलं नसेल."

डेसने जरा विचार केला. खांद्यावरच्या बॅगा सावरल्या.

"इथे एक बाक द्या," तो म्हणाला. "या कुंपणाशी. उभं राहून पाय भरून येतात."

"एवढंच?"

"रुंद द्या," डेस म्हणाला, आणि मग बोलायचा थांबला, कारण वर साखळीचा आवाज सुरू झाला होता आणि ग्लेनिस कुठल्या ओळीत बसलीय ते त्याला शोधायचं होतं.