मिठाच्या पाण्यातल्या कॅप्सूल

चारचौघांत मला मान खाली घालायला लावण्यात माझ्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरात सापडणार नाही. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लातूरकडून आलेला मी बी.एस्सी. होईपर्यंत त्यांच्याच खोलीत राहिलो, त्यांच्याच ताटात जेवलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. पण त्यांच्याबरोबर केबिन रोडला भाजीला जायचं म्हटलं की मला अजून घाम फुटतो. ते एकेका भेंडीचं टोक मोडून बघतात. भाजीवाला ओरडतो, "चाचा, लेना है तो लो, सबका गला मत काटो!" काका शांतपणे पुढची भेंडी मोडतात. भेटेल त्याला नमस्काराआधी विचारतात, "आज पालेभाजी खाल्ली का?" एकदा माझ्या ऑफिसातल्या साहेबांनाही विचारलं. साहेब खोटं बोलले, आणि ते काकांनी तिथंच पकडलं.

अशा माणसानं परवा मला मेडिकलमध्ये नेलं आणि फळं-भाज्यांच्या कॅप्सूलची बाटली घेतली. वर दुकानदाराला म्हणाले, "इतना भाजी लिया, ऊपर से कोथिंबीर-मिरची तो डालो." मागची माणसं खो-खो हसली. मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत तोंड लपवलं.

घरी येताच त्यांनी सगळ्या कॅप्सूल चाळणीत ओतल्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवल्या. त्यांच्या घरी भाजी अशीच धुतात.

"अहो, औषध आहे ते!" मावशी ओरडली.

"भाजीच आहे. कुठल्या गटाराकाठी पिकली, तुला काय माहीत?"

थोड्या वेळानं चाळणीत हिरवा-लाल चिकट लगदा उरला.

"करा आता ह्याचं भरीत," मावशी म्हणाली. मग तिनं चाळणी बाजूला सारली. "माझ्या हातची मेथी ताटात तशीच राहते. बाटलीतली मात्र गोड लागते."

ती उठून आत गेली. काकांनी मला जिन्यात नेलं आणि रिकामी बाटली हातात दिली. "वाच."

मी वाचलं. पालक, गाजर, बीट, टोमॅटो, डाळिंब, सगळ्यांची भुकटी. वरून घातलेली अ आणि क जीवनसत्त्वं. तंतू जवळजवळ नाहीतच.

"मेथी?"

"नाही."

"पालक किती?"

"मिलिग्रॅममध्ये आहे, काका. चिमूटभरसुद्धा नाही."

"मग ही खाऊन भाजी खाल्ली असं होतं का?"

"नाही होत."

काकांनी खाली-वर कुणी नाही ना बघितलं आणि बोटानं गाल ओढून दाखवला. दोन्हीकडच्या दाढा गेल्या होत्या. "मेथी चावत नाही रे आता. जन्मभर लोकांना पालेभाजी विचारत फिरलो. तिला कसं सांगू? तू पण बोलू नको."

मी बोललो नाही. फक्त आत जाऊन म्हणालो, "मावशी, माझी दाढ दुखतेय. आज मेथी डाळीत मऊ शिजवून घोटून दे ना."

मावशीनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या काकांकडे. तिनं कुकर लावला.

जेवताना तिनं घोटलेल्या मेथीची पहिली वाटी काकांपुढं ठेवली. दुखणाऱ्या दाढेचं मला कुणी विचारलंही नाही. काका खाली मान घालून जेवत राहिले. वाटी रिकामी झाली तशी मावशीनं न विचारता पुन्हा भरली. आता केबिन रोडला ते भेंडी मोडत नाहीत; चावणारच नाही म्हणून नुसती हातात धरतात आणि तशीच परत ठेवतात. भाजीवाला ओरडत नाही, आणि मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.