झंडीची हिरडी

जीवरामभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मी शिकवायचे त्या शाळेमागच्या रुळांवर. भुसावळला रेल्वेत ते चावीवाले होते. रूळ जखडून ठेवणाऱ्या चाव्या हातोड्याने ठोकत रोज मैलोनमैल चालायचे. त्या सकाळी एक चावी ठोकून पुढे गेले, थांबले, मागे आले आणि तीच पुन्हा ठोकली.

"सैल होती का?" मी वर्गाच्या खिडकीतून विचारलं.

"नाही बाई. पण नुसतं दिसण्यावर काय जायचं?"

निवृत्त होऊन ते आमच्याच गल्लीत राहायला आले. हातोडा सुटला, संशय तेवढा राहिला. विजेचं मीटर बघायला येणाऱ्याचं ओळखपत्र ते उजेडात धरून तपासत. पंगतीत शेजाऱ्याने दोन घास खाल्ल्याशिवाय स्वतः घास उचलत नसत. बायको गेल्यावर विश्वासाची एकच उरली होती, झंडी. तांबूस कुत्री, शेपटीचं टोक पांढरं, ते कायम वर.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी ते माझ्या दारात आले. चिडले की त्यांच्या तोंडून साक्रीकडची अहिराणी निघते.

"बाई, हाई रतिलालनं काम शे! इख दिधं त्यानी झंडीले!"

रतिलाल समोरचा किराणावाला. झंडीच्या भुंकण्याला कंटाळून तो महिन्याभरापूर्वी म्हणाला होता, "एक दिवस हिचं तोंड बंद करतो." जीवरामभाऊंनी ते तारखेसह लक्षात ठेवलं होतं. कुंपणापाशी सापडलेला पावाचा तुकडाही त्यांनी विषाचा पुरावा म्हणून पिशवीत बांधून पोलिसांसाठी ठेवला होता. कालपासून ते ओट्यावर बसून दुकानावर नजर ठेवून होते, आणि कालपासून झंडीने काही खाल्लं नव्हतं.

मी जाऊन पाहिलं. ती पडल्या पडल्या धापा टाकत होती. लघवीचा डाग काळ्या चहासारखा. ओठ उचलला तर एरवी गुलाबी असणारी हिरडी खडूसारखी पांढरी.

"भाऊ, आधी डॉक्टर. पोलीस नंतर."

"त्या दवाखान्यातले सगळे रतिलालकडूनच किराणा घेतात. बठ्ठा एकच शेतस!"

"मग माझ्यावरही संशय घ्या, पण रिक्षात बसा."

ते बसले. झंडी मांडीवर, पावाची पिशवी खिशात.

जनावरांच्या डॉक्टर संघमित्राताईंनी हिरडी पाहिली, सुईने रक्त घेतलं आणि विचारलं, "आठवडाभरात काय खाल्लं हिने?"

"घरचंच. बाहेरचं मी कुणाचंही देत नाही."

"घरचं म्हणजे काय?"

भाऊ चाचरले. रविवारी शेतावर भरीत पार्टी होती. वांगी कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली. कांद्याची पात आणि लसूण भरपूर. उरलेलं पातेलं त्यांनीच घरी आणलं, कारण दुसऱ्याच्या हातचं कोण जाणे कसं. तीन संध्याकाळी भाकरीत कालवून झंडीला भरवलं.

"कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात," डॉक्टर म्हणाल्या. "शिजवला तरी. पात असो की गड्डा. आणि हे लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी दिसतं. खाल्ल्याचं कळताच आणली असती तर सोपं होतं. हिरडी पांढरी, लघवी गडद, धाप, यातलं एकही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही."

भाऊंनी पिशवी काढून टेबलावर ठेवली. "आणि हा पाव?"

"साधा पाव आहे हो. वास घ्या."

त्यांनी घेतला. मग ज्या हाताने भरीत भरवलं त्याच हाताने पिशवी कचऱ्यात टाकली.

सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. चढवायला कुत्र्याचं रक्त इथे मिळत नाही, तेव्हा आजचा दिवस काढला तर आशा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. झंडीने तो काढला, पुढचाही. तिसऱ्या सकाळी शेपटीचं टोक जरासं उचललं. भाऊ दवाखान्यातून उठून थेट रतिलालच्या दुकानात गेले.

"रतिलाल, मी तुझ्यावर घेतला होता."

"काय, उधारीवर?"

"संशय."

"तो तर तुम्ही गॅसच्या टाकीवरपण घेता, भाऊ. साखर किती देऊ?"

आता ते साखर रतिलालकडूनच घेतात. वजन दोनदा करायला लावतात. भरितात पात पडायच्या आधी एक भाजलेलं वांगं झंडीसाठी बाजूला काढतात. आणि रोज सकाळी सहाला, चहाच्या आधी, ते झंडीचा ओठ वर करून हिरडी बघतात. दोनदा.